आय, माय, ही आणि शी

आपल्या कॉलेजच्या मागच्या गेटमधून बाहेर पडलं की डाव्या हाताला झेरॉक्सवाला, त्याच्यापुढे चहाची टपरी आणि टपरीच्या मागे, पत्र्याच्या कमानीआड, जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आहे. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक, एक कडुनिंब. चार वर्षं इथे काढूनही ही शाळा न पाहिलेले पुष्कळ महाभाग आपल्या हॉस्टेलमध्ये आहेत. टपरी मात्र सगळ्यांना पाठ! मीही तिथे गेलो तो काही समाजसेवेचा उमाळा आला म्हणून नाही. एन.एस.एस.चे वर्षाला १२० तास भरायचे असतात. रस्ता झाडून झाला, रोपं लावून झाली, रक्तदान शिबिरात खुर्च्या मांडून झाल्या, तरी माझे तास काही भरेनात. सेकंड इयरची दिवाळी झाल्यावर प्रोग्रॅम ऑफिसर सर म्हणाले, "शनिवारी त्यांची सकाळची शाळा असते. गुरुजींना इंग्रजीला माणूस हवाय. जा."

इंग्रजीला माणूस, आणि तो मी! फर्स्ट इयरला माझ्या ओरल्स ज्यांनी दाराबाहेर उभं राहून ऐकल्या, ते मित्र ही बातमी ऐकून मेसमध्ये ताट सोडून हसले होते.

आमच्या घरात इंग्रजी दर पिढीला थोडी थोडी खाली उतरत आली आहे. आजोबा सातवी फायनल होऊन शेताला लागले, त्यांना इंग्रजी शिवलीच नाही. वडिलांना ती पाचवीत भेटली, कारण तेव्हा मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासूनच असायची. मला भेटली पहिलीत. २००० साली, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. त्या वेळी त्यावर बरंच रण माजलं होतं म्हणे. पण विषय नवा आला तरी शिकवणारे गुरुजी तेच, स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेले. त्यामुळे पहिलीत माझ्या वाट्याला आलेली इंग्रजी म्हणजे 'स्टँड अप', 'सीट डाऊन' आणि 'मे आय गो टू टॉयलेट'. यातलं तिसरं वाक्य वर्गातल्या प्रत्येकाला अस्खलित यायचं. गरज, दुसरं काय!

तर पहिल्या शनिवारी मी खडू घेऊन पहिली-दुसरीच्या वर्गात उभा राहिलो. एबीसीडीपासून सुरुवात करू म्हटलं, तर पोरांनी 'ए फॉर ॲपल'पासून 'झेड फॉर झेब्रा'पर्यंत गाडी एका दमात नेऊन उभी केली. मध्ये 'एक्स फॉर झायलोफोन' हे स्टेशनसुद्धा घेतलं. (झायलोफोन प्रत्यक्ष पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय. शिवाय एक्स शिकवायला असा शब्द, ज्यात एक्सचा उच्चार 'झ' होतो! ज्याने हा शब्द तक्त्यावर छापला त्याला माझा नमस्कार.) मी खूश झालो. म्हटलं, यांना तर सगळं येतं. मग फळ्यावर 'कॅट' लिहिलं आणि विचारलं, हे काय? सगळे ओरडले, "सी, ए, टी, कॅट!" तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक पोरगी उठली. दोन वेण्या, एक रिबीन गायब. शाळेत नाव नसलेली, मोठ्या भावाच्या मागे येऊन बसणारी. म्हणाली, "सर, सी, ए, टी म्हणजे 'सीएटी' झालं की. कॅट कुठनं आलं?"

आता सांगा! बी.ई.च्या चार वर्षांत कुठल्या एक्स्टर्नलने मला इतका नेमका प्रश्न विचारला नाही.

तिचं काय चुकलं? मराठीत 'क' हे अक्षराचं नावही तेच आणि आवाजही तोच. क, म, ळ जोडा, कमळ झालं. आपल्याकडेही थोडे घोटाळे आहेत, 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च वेगळे आहेत, पण ते मूल घरूनच शिकून येतं. इंग्रजीत मात्र अक्षराचं नाव एक, आवाज दुसरा, आणि तो आवाजही जागा पाहून बदलणार. अक्षरं २६ आणि आवाज ४४च्या आसपास. पाच स्वराक्षरांच्या खांद्यावर वीसेक स्वरांचं ओझं! म्हणजे नट एका मापाचा आणि त्यावर सात मापांचे बोल्ट बसवायचे. पोरांनी 'सी ए टी कॅट' पाठ केलं म्हणजे त्यांना वाचता आलं असं होत नाही. ते एक चित्र पाठ झालं. फळ्यावर मी 'कॅट'च्या जागी 'मॅट' लिहिलं तेव्हा वर्ग चिडीचूप झाला.

माझ्या एका वर्गमैत्रिणीची बहीण बालवाडीत शिकवते. तिच्याकडून कळलं की यावर उपाय आहे, त्याला फोनिक्स म्हणतात. म्हणजे अक्षराचं नाव नंतर, आवाज आधी. ब्रिटनमध्ये स्यू लॉइड आणि सारा वर्नहॅम या दोन शिक्षिकांनी तयार केलेल्या जॉली फोनिक्स या पद्धतीत तर ए-बी-सी-डी हा क्रमच मोडून टाकलाय. पहिली सहा अक्षरं कुठली, तर एस, ए, टी, आय, पी, एन. कारण साधं आहे. या सहांतून ताबडतोब शब्द पडायला लागतात: सॅट, सिट, पिन, टिन, पॅन, टॅप, नॅप, स्निप. आपल्या ए-बी-सी-डीतल्या पहिल्या चार अक्षरांतून 'कॅब', 'बॅड', 'डॅड' असं काहीतरी मोजकंच निघतं. हे पाहून माझ्यातला इंजिनिअर फार सुखावला. कमीत कमी पार्ट्समध्ये जास्तीत जास्त असेंब्ली!

त्या पद्धतीत प्रत्येक आवाजाला एक कृती असते. 'स्'ला हाताने साप करायचा. ते आमच्याकडे लगेच जमलं, कारण शाळेच्या मागच्या बांधावर साप निघतोच. 'ट्'ला टेनिसची मॅच बघतोय अशी मान डावी-उजवीकडे हलवायची होती. टेनिस कोणी पाहिलेलं नाही, म्हणून आम्ही दारावर टकटक केलं. 'प्'ला केकवरची मेणबत्ती फुंकायची, आम्ही काडेपेटीची काडी फुंकली. गुरुजी खिडकीतून बघत होते. म्हणाले, "सर, काडी तेवढी मनातल्या मनात पेटवा."

सहा आठवड्यांत दुसरीतल्या नऊपैकी सात पोरांना 'पिन', 'पॅन', 'टिन' स्वतः जोडून वाचता यायला लागलं. आणि ती रिबीनवाली, जिचं नाव हजेरीपटावर नव्हतं, तिला सगळ्यांच्या आधी.

वाचणं झालं, आता बोलणं. इथे खरी गंमत झाली. सर्वनामं घ्यायची ठरली. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "आय!" मागून आवाज आला, "आय म्हणजे आई!" बरं. "माय!" "माय म्हणजे पण आई!" मी नेट धरून एका मुलाकडे बोट दाखवलं, "ही!" सगळा वर्ग त्या मुलाकडे बघून खिदळला. "सर, तो पोरगा आहे. ही नाही, हा!" मग मुलीकडे बोट दाखवून मी "शी" म्हणालो, आणि पुढची दहा मिनिटं तो वर्ग माझ्या हातात राहिला नाही. शेजारच्या खोलीतून बाई काय झालं बघायला आल्या. 'दे' म्हणजे ते लोक, हे सांगायला गेलो तर पहिलीतल्या एकाने हातातली पेन्सिल पुढे केली. दे म्हटलं ना, घ्या!

आपण भाषांतर करून शिकवतो तेव्हा हे लक्षातच येत नाही, की पोराच्या डोक्यात जागा रिकामी नसते. तिथे आधीपासून भाडेकरू असतात, आणि ते हुशार असतात. ही-शीचा गोंधळ मिटला तर पुढचा उभा. 'चेअर'ला काय म्हणायचं? एक पोरगा म्हणाला, "शी इज अ चेअर." का रे? "ती खुर्ची." पंखा? "ही. तो पंखा." पुस्तक? "इट." हे तर बरोबर आलं! मराठीचं व्याकरण त्या सात वर्षांच्या पोराला इतकं पक्कं येत होतं की तीन लिंगं त्याने इंग्रजीत जशीच्या तशी नेऊन बसवली. याला मी चूक कसं म्हणू? मी फक्त एवढंच सांगितलं, की इंग्रज लोक आळशी आहेत, ते खुर्ची, पंखा, पुस्तक सगळ्यांना 'इट'च म्हणतात. हे कारण पोरांना एकदम पटलं.

'यू'चा प्रश्न जास्त नाजूक होता. मी "व्हॉट इज युवर नेम?" विचारलं की उत्तर फडाफड यायचं. पण आता तुम्ही मला विचारा म्हटलं की सगळे गप्प. शेवटी चौथीतला एक खोलीत डोकावत होता तो म्हणाला, "सरांना नाव विचारतात व्हय?" त्यांच्या मते 'यू' म्हणजे 'तू', आणि सरांना तू म्हणायचं म्हणजे मार खायची लक्षणं. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण सगळे एकाच पंगतीला बसतात, हे सांगूनही त्यांचा जीव काही थाऱ्यावर येईना. मग त्यांनीच तोडगा काढला: "व्हॉट इज युवर नेम, सर-जी?" तेच आम्ही कायम केलं.

इंग्रजी या पोरांना नवीन असते, हा समजही मी तिथेच टाकून दिला. एका शनिवारी मी सांगितलं, तुम्हाला घरात, रस्त्यात, मैदानात ऐकू येणारे इंग्रजी शब्द सांगा, मी लिहितो. फळा भरला, मग फरशीवर लिहिलं. ७३ शब्द झाले. बस, स्टॉप, ड्रायव्हर, चार्जर, रेंज, रिचार्ज, बटण, कप, प्लेट, पंक्चर, टेन्शन, सलाईन, लाइट, ट्रॅक्टर. 'लाइट गेली'मधली लाइट म्हणजे नुसता दिवा नाही, सगळी वीजच. आणि ग्लास स्टीलचा असतो, त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. मला आत्तापर्यंत वाटलं नव्हतं! या ७३ पैकी वीसेक शब्द एकट्या क्रिकेटचे. नो बॉल, वाइड, ओव्हर, कॅच, रन, आउट. पुढचे तीन शनिवार आम्ही मैदानातच वर्ग भरवला. 'इन, ऑन, अंडर, बिहाइंड' हे टेबल आणि चेंडू घेऊन शिकवायचं असं पुस्तकात असतं. आमच्याकडे 'बॉल इज बिहाइंड द विकेट' हे खरंच महत्त्वाचं असायचं, त्यावर भांडणं व्हायची.

अंगाने शिकवायच्या या प्रकाराला नाव आहे. अमेरिकेतल्या जेम्स ॲशर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स' अशी पद्धत मांडली. मुलाने आधी नुसतं ऐकायचं आणि करायचं: उठ, पळ, दाराला हात लाव. बोलायची सक्ती नाही. तान्हं मूल तरी कुठे पहिल्या दिवशी बोलतं? वर्ष-दीड वर्ष ते नुसतं ऐकून घेत असतं. आमच्या वर्गात ऊसतोडीहून आलेला एक पोरगा होता, त्याची शाळा दर वर्षी निम्मी बुडायची. तो अडीच महिने माझ्या तासाला एक अक्षर बोलला नाही. 'रन' म्हटलं की पळायचा, 'स्टॉप' म्हटलं की थांबायचा, पण तोंड बंद. मी गुरुजींना विचारलं, याला काही अडचण आहे का? ते म्हणाले, "त्याला काही नाही. तो बघतोय." आणि मार्चमध्ये एके दिवशी, मी टपरीवर चहा पीत असताना, कुंपणापलीकडून आरोळी आली, "ए दादा! गिव्ह मी बॉल!" चेंडू माझ्या पायाशी पडला होता. 'द' नाही, 'प्लीज' नाही, पण वाक्य त्याचं स्वतःचं, कामाचं, आणि मला नीट कळलेलं. मी चेंडू दिला. 'द बॉल' म्हण असं सांगणारा माणूस मी नव्हे. मराठीत 'द'ला जागाच नाही, ते त्याला आठवीत कळलं तरी चालेल.

आकड्यांचं एक सांगायचं राहिलं. पोरांना वीसच्या पुढचे आकडे मराठीपेक्षा इंग्रजीत लवकर आले, आणि याचा मला आधी राग आला होता. पण बघा ना: सत्तेचाळीस म्हणताना सात आधी येतात, मग चाळीस, आणि लिहिताना चार आधी. पोरगं ७४ लिहून मोकळं. एकोणतीसमध्ये तर तिसांतून एक उणा करायचाय! इंग्रजीत 'फॉर्टी-सेव्हन', जसं लिहितो तसं बोलतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तेचाळीसच्या जोडीला 'चाळीस सात' असंही म्हणायला दिलं तेव्हा विधिमंडळापासून नाक्यापर्यंत सगळ्यांनी विनोद करून घेतले. मंगला नारळीकर त्या विषय समितीच्या अध्यक्ष होत्या, आणि त्या मुलांच्या अडचणीबद्दल बोलत होत्या. तेव्हा आम्हीही हसलो होतो. वर्गात खडू घेऊन उभं राहिलं की तो विनोद तितकासा हसवत नाही.

आता त्या रिबीनवालीबद्दल. ती आपल्या मेसमधल्या पोळ्या करणाऱ्या मावशींची नात. २०२४च्या जूनमध्ये ती पहिलीत जाणार होती. मावशींची इच्छा इंग्लिश मीडियमची. खासगी शाळांत आरटीईच्या २५ टक्के जागा असतात, त्याचा फॉर्म आम्हीच हॉस्टेलमध्ये बसून भरला, उत्पन्नाचा दाखला स्कॅन करून. त्या वर्षी नेमका सगळा घोळ. फेब्रुवारीत सरकारने नियम बदलले, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट दिली. मेमध्ये उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, जुलैमध्ये ते नियम रद्द ठरवले. इकडे शाळा सुरू होऊन महिना उलटला तरी मावशी रोज पोळ्या लाटता लाटता विचारायच्या, "बघ रं बाळा, आला का मेसेज?" शेवटी नंबर लागला नाहीच. पोरगी टपरीमागच्या शाळेत पहिलीत गेली आणि माझ्या वर्गाची अधिकृत विद्यार्थिनी झाली.

वर्षभरात ती मराठी धडाधड वाचायला लागली आणि इंग्रजी जोडून जोडून. २०२५च्या मार्चमध्ये मावशींनी मला भांड्यांच्या खोलीत गाठलं. तालुक्याच्या इंग्लिश मीडियममध्ये पैसे भरून घालायचं ठरतंय. वर्षाची फी १८ हजार, व्हॅनचे महिन्याला ८०० वेगळे. शिवाय शाळेने सांगितलंय, मराठीतून आलीय, तर पुन्हा पहिलीत बसवू. "तू तिला शिकिवतोस. तूच सांग, घालू का?"

मी आधी गुरुजींना विचारलं. ते बराच वेळ हजेरीपट चाळत राहिले. मग म्हणाले, "मला विचारू नका. माझा पट २१ आहे. मी काही बोललो तरी लोक म्हणणार, गुरुजी पटासाठी बोलतायत. आणि अगदीच खोटं नाही ते." २०२३मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार सरकारने मांडला होता, तेव्हापासून पट मोजायची त्यांना सवयच लागली आहे. वर तो २०२५चा एप्रिल. पहिलीपासून हिंदीचा निर्णय नुकताच आला होता (जूनच्या अखेरीस तो मागे घेतला गेला). गुरुजी एवढंच म्हणाले, "दप्तर तेवढंच आहे, भाषा वाढतायत."

मग मी मावशींना माझं मत सांगितलं. इथेच राहू द्या, निदान चौथीपर्यंत. वाचायला माणूस एकदाच शिकतो, आणि जी भाषा बोलता येते तिच्यातून ते सोपं जातं. एकदा वाचता आलं की ते कसब दुसऱ्या भाषेत नेता येतं. तिने माझ्यासमोर नेलंय. २००९च्या आरटीई कायद्यातही शक्य तितकं शिक्षण मातृभाषेतून असावं असं लिहिलंय, २०२०च्या राष्ट्रीय धोरणातही निदान पाचवीपर्यंत तेच म्हटलंय. तिकडे गणितही इंग्रजीतून, परिसर अभ्यासही इंग्रजीतून, घरी समजावणारं कोणी नाही, मग ट्यूशन आली. शिवाय एक वर्ष वाया. आणि मी स्वतः दहावीपर्यंत मराठीत शिकून इथवर आलोच ना? फर्स्ट इयरला घाम फुटला, खरं आहे. पण 'फ्रिक्शन' म्हणजे आपलं घर्षणच, हे कळल्यावर फक्त शब्द शिकायचे राहिले होते, विषय नाही.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. हातातली परात पालथी घालून म्हणाल्या, "बरं. मग तुझ्या पोरीला घालशील का तू या शाळेत?"

मी काही बोललो नाही. त्या पुढे म्हणाल्या, "तुमच्यातलं एक तरी पोरगं घालंल का सांग. तीनशे पोरं जेवून जातात हितनं. मी विचारते एकेकाला."

त्यांनी खरंच विचारलं. त्या रात्री पोळीच्या रांगेत, ताट पुढे करणाऱ्या प्रत्येकाला. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल. किती जणांनी 'हो' म्हटलं ते मावशींनी मला सांगितलं नाही, नुसतं माझ्याकडे बघून हसल्या.

एप्रिलमध्ये त्यांनी मला तालुक्याला सोबत नेलं. प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची परीक्षा घ्यायला आरटीईच्या कलम १३ने बंदी आहे. त्यामुळे तिथे तिला 'इंटरॅक्शन' म्हणतात. मॅडमनी पोरीला विचारलं, "टेल मी द स्पेलिंग ऑफ एलिफंट." आमच्या पोरीला स्पेलिंग म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, तिला आवाज माहीत होते. ती हळूहळू म्हणाली, "ए... ल्... इ... फ्... अं... ट्." मॅडमनी वर बघितलंच नाही. मग इंग्रजीत पालकांना प्रश्न: घरी इंग्रजी कोण बोलतं? मी दुभाष्या म्हणून तोंड उघडणार, एवढ्यात मावशींना 'होम' आणि 'इंग्लिश' एवढ्यावरून प्रश्न कळला. त्या म्हणाल्या, "घरी कोण न्हाई. पर मेसला तीनशे इंजिनेर जेवत्यात. त्यांना विचारील ती." मी याचं भाषांतर केलं. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत अवघड भाषांतर. मॅडम पहिल्यांदाच हसल्या. प्रवेश झाला, पुन्हा पहिलीत.

जूनपासून ती पिवळ्या व्हॅनने जाते. टाय आहे, बूट आहेत, रिबिनी दोन्ही जागेवर. शाळेचा पट आता २० आहे. तिच्या शाळेला शनिवारी सुट्टी असते, म्हणून शनिवारी ती आमच्याच वर्गात येऊन बसते. हजेरीपटावर पुन्हा नाव नाही. गुरुजी काही बोलत नाहीत. कधी तिकडचं पुस्तक आणते आणि प्रश्नोत्तरं घडाघडा म्हणून दाखवते. मी मध्येच एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला की म्हणते, "ते मॅडमनी सांगितलं नाही." मग आम्ही तो शब्द फोडतो, जोडतो, त्याच्यावर उड्या मारतो. कळला की पुढचा. माझं मत अजून बदललेलं नाही. मावशींचंही नाही. आमचं भांडणही नाही. मला पोळी अजून तव्यावरची मिळते.

आता माझं फायनल इयर. एप्रिलनंतर मी इथे नसेन. सेकंड इयरची दोघं तयार झाली आहेत, एक कॉम्प्युटरची, एक सिव्हिलचा. त्यांना मी एवढंच सांगितलंय, की 'शी' शिकवायच्या दिवशी शेजारच्या बाईंना आधी कल्पना द्या, आणि ऊसतोडीचा तो पोरगा दिवाळीनंतर पुन्हा जातो, तो परत येईल तेव्हा त्याला लगेच बोलायला लावू नका.

गेल्या आठवड्यात रात्री मेस उशिरा बंद झाली. मावशी भांडी आवरत होत्या, पोरगी बाकावर उभी राहून भिंतीवरची पाटी वाचत होती, एकेका आवाजाला बोट लावून. "प्लीज... डोन्ट... वॅस्टे... फूड." मग वळून विचारलं, "आज्जी, वॅस्टे म्हणजे काय गं?"

मावशींनी उष्ट्याची बादली पायाने पुढे सरकवली. "हे बघ. तुझे दादालोक करत्यात ते."